केळ्यांची अंगतपंगत

"शाळा एक हवी तुम्हाला, आणि पाण्याची मडकी चार?"

साहेबांनी आमचा अर्ज टेबलावर टाकला. मी समोर उभा होतो. सह्या सगळ्यांच्या होत्या, पण शिव्या खायला एकाला पाठवायचं असतं, आणि तो एक नेहमी मीच असे.

साहेब म्हणजे लोणावळ्याच्या लोकोशेडचे इंग्रज फोरमन. लोकोशेड म्हणजे इंजिनांचा तबेला. इंजिन आलं की राख काढायची, बॉयलर धुवायचा, कोळसा-पाणी भरायचं आणि पुन्हा घाटात सोडायचं. घाटात विजेची इंजिनं यायच्या आधीची ही गोष्ट. तेव्हा गाडी कर्जतहून वर चढायची तर मागून ढकलायला जास्तीचं इंजिन लागे. त्याला आम्ही 'बँकर' म्हणायचो. मी तिथे चार्जमन होतो. चार्जमन म्हणजे पाळीतल्या फिटरांचा आणि त्यांच्या हाताखालच्या खलाशांचा मुकादम. काम चोख झालं तर नाव फोरमनचं, बिघडलं तर चार्जमनचं.

शेडच्या दाराशी चार मडकी होती, हे खरं. हिंदूंचं एक, मुसलमानांचं एक, किरिस्तावांचं एक, आणि चौथं कुणाचं ते मोठ्याने बोलायची पद्धत नव्हती. ही मडकी ठेवायचा हुकूम कंपनीचाच होता. पण साहेबांच्या तोंडावर हे सांगायला माझी नोकरी काही वडिलोपार्जित नव्हती.

"साहेब, मडक्यांचं राहू द्या," मी म्हणालो. "पोरांचं बघा."

पोरांची गोष्ट अशी. आमची क्वार्टर्स रुळांच्या अलीकडे, गावातली शाळा पलीकडे. मधे यार्ड. मुलगे मालगाडीच्या वाघिणींच्या खालून सरपटत शाळेत जात. मुलींना असं कोण पाठवणार? माझी शकीला आठ वर्षांची झाली होती. मी आणलेल्या जुन्या वर्तमानपत्रातली मोठी अक्षरं बोटाने गिरवत बसे. तिची आई, हमीदा, कामशेतच्या तांदळाच्या व्यापाऱ्याची लेक. तोंडी हिशेबात ती दुकानदाराला रडवी, पण अक्षर एक येत नव्हतं. ते तिला फार लागे. मुलीचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढं एकच मागणं तिने लग्नानंतर माझ्याकडे केलं होतं. शेडमागची तेलकोठी, म्हणजे दिव्यांच्या रॉकेलची खोली, रिकामी पडली होती. ती मिळाली असती तर शाळा दारात आली असती.

साहेबांनी पाइप पेटवला. "ऐका," ते म्हणाले. "ज्यांचे आईबाप एकमेकांच्या घरचा घास खात नाहीत, त्यांची पोरं एका खोलीत कशी बसणार? आठ दिवसांत माझ्याकडे चार खोल्या मागाल. आधी सगळी कुटुंबं एकत्र जेवा. प्रत्येक घराने एकेक पदार्थ आणायचा. सगळ्यांना आवडेल असा. सगळ्यांनी सगळ्यांचं खायचं. मी येऊन बघणार. जेवलात, तर तेलकोठी तुमची."

आपल्याकडे अंगतपंगत असते, पण त्यात ज्याचा डबा त्याच्या पुढ्यात. शेजारी बसायचं, गप्पा मारायच्या, आणि आपलं आपण खायचं. साहेबांना हवं होतं ते भलतंच. मी मान डोलावली आणि बाहेर आलो.

बाहेर हेडक्लार्क नानासाहेब वाट बघत होते. शेडमध्ये इंजिनांवर हुकमत फोरमनची, पण माणसांवर नानासाहेबांची. कुणाची बदली, कुणाची रजा, कुणाला कुठलं क्वार्टर, सगळे कागद त्यांच्या हातून जात. धर्माचं कुणाला काही अडलं तरी लोक त्यांच्याकडेच धावत. त्यासाठी ते वेगळी फी घेत नसत, एवढं मात्र त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे.

"तांबोळी, शाळा आपल्याला हवीच आहे," ते म्हणाले. त्यांच्याही घरी दोन मुली होत्या. "फक्त पदार्थ असा निवडायचा, की कुणाला बोट ठेवायला जागा नको. विचारायला आले तर माझ्याकडे पाठवा."

लोक गेले. मीही एकदा बसलो ऐकायला. इंजिनाच्या नळ्यांचा नकाशा सोपा वाटावा असं ते शास्त्र होतं. पाण्यात शिजलेलं नको, त्याला विटाळ पटकन लागतो. तुपात तळलेलं चालतं, पण तळणारा कोण ते बघावं लागतं. दुधातलं चालतं, पण दूध कुणाच्या पातेल्यात तापलं हा प्रश्न राहतोच. चिवडा बरा, पण पोहे कुणी भिजवले होते?

"मग राहिलं काय, नाना?" मी विचारलं.

नानांनी डोळे मिटले. "साल," ते म्हणाले. "ज्याला साल आहे, त्याच्या आत काही शिरत नाही. केळं. भुईमुगाची शेंग."

"शेंग उकडलेली चालेल?"

"उकडलेली नको. पाणी आत जातं. भाजलेली चालेल."

हा सल्ला त्यांनी प्रत्येकाला वेगवेगळा, कानात, जणू खास त्याच्यासाठीच काढल्यासारखा दिला. प्रत्येक जण खूश होऊन घरी गेला. बाकीचे पुरणपोळ्या करतील, भात करतील, आपण आपली केळी न्यावीत आणि सुटावं. त्या आठवड्यात लोणावळ्याच्या बाजारात केळ्यांची फणी दिसेना. बागवान खुशीत होता, कुणाचं लग्न आहे म्हणून विचारत होता.

मीही घरी येऊन सांगितलं, "हमीदा, केळी ने."

ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "जेवायला बोलावलंय की वानरांना?"

"कुणी खाणार नाही आपल्या घरचं. उगाच वाईट वाटून घेशील."

"मी खीर करणार. माझ्या बापाच्या दुकानचा आंबेमोहोर, आणि सगळी दुधात. पाण्याचा थेंब घालणार नाही. भांडं नवं कोरं घेते, कल्हई करून. आता काय म्हणतील?"

"म्हणायचंच असलं की सापडतं काहीतरी."

"सापडू दे. शाळा माझ्या पोरीला पाहिजे. दुसऱ्याच्या जिवावर केळं सोलून ती मिळवायची नाही मला."

मी वेलदोडे आणायला बाजारात गेलो. रविवारी सकाळपासून आमच्या क्वार्टरमध्ये वेलदोड्यांचा वास कोंदला होता.

जेवण इन्स्टिट्यूटच्या मैदानावर होतं. इन्स्टिट्यूट म्हणजे रेल्वेच्या नोकरांचा क्लब. बॅडमिंटनच्या जाळ्याशेजारी लांब टेबलं मांडली होती. एकेक कुटुंब आलं. आपलं फडकं टेबलावर ठेवलं. फडकं सोडलं. आतून केळी निघाली. दुसऱ्याने सोडलं. केळी. तिसऱ्याच्या शेंगा. मग पुन्हा केळी. पहिल्यांदा कुणी हसलं नाही, पण पुढे पुढे प्रत्येक फडकं सुटताना लोक माना खाली घालू लागले. सगळी माणसं पोट रिकामं ठेवून आली होती, कारण भात दुसरा आणणार होता. इतक्या शहाण्या माणसांनी इतका विचार करून इतका मूर्खपणा केलेला मी नोकरीत पुन्हा पाहिला नाही, आणि मी नोकरी बरीच वर्षं केली.

टेबलाच्या टोकाला एकच पातेलं होतं. हमीदाचं. त्याच्याजवळ कुणी फिरकत नव्हतं. ती पदर सावरून त्यामागे उभी होती, हातात डाव. शकीला तिला चिकटून. आपल्या बायकोने राबून केलेल्या अन्नाकडे लोक मेल्या उंदराकडे बघावं तसं बघतात, तेव्हा राग कुणाचा करायचा तेही कळत नाही.

साहेब मडमेला घेऊन आले. त्यांनी टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं.

"हे जेवण?"

मग नानासाहेब पुढे झाले. हात जोडले. "साहेब, योगायोग असा, की आज एकादशी. आम्ही सगळे उपवासाला फळंच खातो."

एकादशी होऊन गेली होती. माझ्यासारख्या मुसलमानालाही ते ठाऊक होतं, कारण तेव्हा नानांनीच फराळासाठी अर्धी रजा घेतली होती. पण युक्ती म्हणून ती झकास होती. कुणाला कुणाच्या हातचं खायला नको, केळ्यांना कारणही मिळालं.

"सगळ्यांचा उपवास?" साहेबांनी विचारलं.

"सगळ्यांचा, साहेब," टेबलामागून आवाज आला.

"तुमचाही?" साहेब आमच्या गोव्याच्या फिटरकडे वळले. त्याने छातीवर क्रूस केला आणि एकादशी असल्याचं सांगितलं. शेजारचा पठाण वॉचमन तर दोन दिवसांची एकादशी असल्यासारखं तोंड करून उभा होता.

साहेब चालत पातेल्यापाशी आले. झाकण उचललं. वाफ निघाली.

"हे फळ कुठलं?"

नाना घाईने म्हणाले, "ती उद्याच्या पारण्याची, साहेब. उपवास सोडताना खातात." आणि त्यांनी दुरूनच माझ्याकडे डोळे वटारले. त्यांचा अर्थ मला कळला. होय म्हण, शाळा हातात येते आहे.

"तांबोळी, तुमच्याही घरी एकादशी?" साहेबांनी मला विचारलं.

मी तोंड उघडलं. त्यातून काय बाहेर पडणार होतं ते मला आजही सांगता येणार नाही, कारण त्याआधी हमीदा बोलली. साहेबांना मराठी येत होती, तरी ती मुद्दाम सावकाश बोलली.

"साहेब, माझा उपास नाही. मी सकाळी भाकरी खाऊन आले. ही खीर आजचीच आहे. शाळेसाठी केली. कुणी खाल्ली तर बरं, नाही खाल्ली तर घरी नेईन. पण खोटं सांगून शाळा नको मला."

नानांचा चेहरा उतरला. मला वाटलं, संपलं. तेलकोठी गेली. शकीलाचं बोट वर्तमानपत्रावरच फिरत राहणार.

तेवढ्यात मागून धोंडू पुढे आला. धोंडू भाजे गावचा, टेंडरमध्ये कोळसा भरणारा खलाशी. टेंडर म्हणजे इंजिनामागचा कोळशाचा डबा. त्याच्या बायकोनेही नानांच्या हुकमाने शेंगा आणल्या होत्या.

"वैनी, माजा बी उपास न्हाई," तो म्हणाला. "सकाळधरनं भूक मारलीया. लय वास सुटलाय. वाडा."

"धोंड्या!" नाना ओरडले. "जातीत काय सांगशील?"

"काय सांगू? खीर व्हती म्हनून सांगीन. तुमी सांगा त्येंला एकादशी व्हती म्हनून."

लोक हसले. जे मघाशी उपवासाला होते तेच हसले, हे विशेष. धोंडूने पानांचा द्रोण पुढे केला. हमीदाने वाढलं. साहेबांनी खाल्लं, मडमेने खाल्लं, धोंडूने तीनदा घेतलं आणि त्याच्या बायकोने पदराआड तोंड करून एकदा. आमच्या घरचे सोडले तर बाकी कुणी नाही. बाकीच्यांना आता खाताच येईना. भर मैदानात एकादशी जाहीर केली होती. नेहमीची एकादशी दुप्पट खाशी, पण त्या दिवशीची खरी निघाली. साहेबांनी ग्रामोफोन मागवला आणि सूर्य कलेपर्यंत ते हलले नाहीत. ते बसले म्हणून सगळे बसले. केळी खाऊन खाऊन पोरं रडायला लागली. गोव्याचा फिटर पातेल्याकडे अशा नजरेने बघत होता, की मला त्याची दया यावी. आली नाही.

उठताना साहेब म्हणाले, "अटीप्रमाणे शाळा मिळायला नको."

हमीदाने शकीलाचा हात घट्ट धरला.

"पण खोली देतो. शाळेला कमिटी लागेल. जिने वाढलं आणि जो जेवला, ते कमिटी. ही बाई आणि हा खलाशी. कुणाच्या मुलाला घ्यायचं, ते हे दोघं ठरवतील."

नाना कळवळले. "साहेब, या दोघांना लिहिता-वाचता येत नाही!"

"तुम्हाला येतं," साहेब म्हणाले. "काय उपयोग झाला?"

अशी शाळा सुरू झाली. पहिले काही महिने पोरांच्या कपड्यांना रॉकेलचा वास येई. मास्तर कामशेतहून सकाळच्या पॅसेंजरने येत. पण मुलाचं नाव घालायचं तर आधी आमच्या ओट्यावर यावं लागे. हमीदा उंबऱ्याशी पाटावर बसे, धोंडू पाळी संपवून कोळशाच्याच अंगाने ओट्याच्या कडेला. गार्ड आले, फिटर आले, क्लार्क आले. सगळ्यांना तिने आधी बसवलं, मग पोराला नाव विचारलं, आणि कुणालाही परत पाठवलं नाही. मी असतो तर दोन-चार जणांना नक्की पाठवलं असतं.

सगळ्यात शेवटी नानासाहेब आले, दोन्ही मुलींना घेऊन. बराच वेळ अंगणात उभे राहिले. हमीदा म्हणाली, "वर या की. बसा."

ते ओट्यावर चढले आणि बसले. माझ्या घरी बसलेलं मी त्यांना तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

"नावं तुम्हीच लिहा," ती म्हणाली. "तुमचं अक्षर चांगलं आहे. मंजुरी मी देते."

नानांनी आपल्या मुलींची नावं वळणदार अक्षरात लिहिली आणि कागद तिच्या पुढे धरला. तिने अंगठ्याला शाई लावली आणि दोन्ही नावांखाली तो उमटवला. त्या शाळेत शिकून जी पोरं पुढे क्लार्क झाली, मास्तर झाली, त्यांच्या पहिल्या कागदावर माझ्या बायकोचा अंगठा आहे.

पाच-पन्नास माणसांत नेण्यासारखं, सगळ्यांना चालेल असं काय करावं, हे लोक मला अजून विचारतात. मी सांगतो, केळी न्या. कुणी नावं ठेवणार नाही, आणि तुम्ही आला होता हे कुणाच्या लक्षातही राहणार नाही.