रंगवलेला कान

थिनर भरण्याच्या त्या शेडमध्ये तिला सगळे चिमटाबाई म्हणत. नाव कामावरून पडले होते. नळीतून थिनर पिंपात पडू लागण्यापूर्वी पिंपाच्या काठाला एक दातेरी चिमटा लावावा लागतो. त्याच्या तांब्याच्या तारेच्या दुसऱ्या टोकालाही तसाच चिमटा असतो, आणि तो जमिनीत खोल रोवलेल्या लोखंडी खांबाच्या एका पट्टीला लावायचा असतो. खांबातून बाहेर आलेल्या या पट्टीला कामगार कान म्हणतात. दोन्ही चिमटे बसले की टेस्टर टेकवायचा; हिरवा दिवा लागला तर तोटी उघडायची, एरवी नाही. दिवा पाहण्याचे आणि ‘नाही’ म्हणण्याचे काम तिचे होते. ‘नाही’ म्हणताना तिला होणारा आनंद तिने कधी लपवला नाही.

मॅनेजरसमोर तर मुळीच नाही. शेडमध्ये पाऊल टाकण्यापूर्वी प्रत्येकाने दारातल्या, जमिनीला जोडलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उघडा तळहात ठेवावा, असा नियम होता. मॅनेजर घाईत असला की ती नेमकी दार अडवून उभी राही.

“हात, मुकादम.”

“अहो बाई, आत्ताच लावून बाहेर गेलो.”

“मग पुन्हा लावा. आणि हे जाकीट नायलॉनचं आहे. ते बाहेर.”

बाकीचे त्याला साहेब म्हणत. ती एकटी मुकादम म्हणे. तिचा नवरा जळाला त्या दिवशी तो मुकादम होता, आणि तिच्या लेखी त्यानंतर त्याला बढती मिळालेलीच नव्हती. मागून शेडमधला थट्टेखोर गडी म्हणे, “साहेब, लावा हात, नाहीतर बाई चिमटा काढतील.” सगळे हसत. साहेबही हसे. तो हसला की ती त्याचे जाकीट जरा अधिकच लांबच्या खुंटीला अडकवी.

आग लागली तेव्हा पिंपाशी दोघे भाऊ होते. तिचा नवरा तोटीवर होता आणि धाकटा दीर पाठ वळवून पिंप धरून उभा होता. नवरा गेला. दीर वाचला, पण त्याच्या हातांची बोटे आखडून कायमची आत वळली. चौकशी समितीला दोन्ही चिमटे जागेवर, तार अखंड आणि कान कोरा, उघड्या लोखंडाचा आढळला. मग ठिणगी आली कुठून? मुकादमाने सांगितले, “त्यानं काडी ओढली. मी डोळ्यांनी पाहिलं.” नवरा सिगारेट ओढत असे, हे सर्वांना ठाऊक होते, त्यामुळे अहवाल तेवढ्यावर बंद झाला. कामावर निघताना तो काड्यांची पेटी घरी गॅसजवळ ठेवून जाई आणि त्या दिवशीही ती तिथेच होती, असे तिने समितीला सांगितले. अध्यक्षांनी सहानुभूतीने मान हलवली आणि पुढच्या साक्षीदाराला बोलावले. विधवेचे बोलणे आपल्या संस्था दुःख म्हणून ऐकून घेतात. पुरावा म्हणून नोंदवत नाहीत.

मुकादमाच्या त्या एका वाक्याने मेलेल्या माणसाला घरात पुन्हा मारले. “दादानं मला जाळलं,” असे दीर म्हणे, आणि वहिनीच्या हातचे पाणीही तोंड फिरवून घेई. सासूबाईंनी थोरल्याचा फोटो भिंतीवरून उतरवून कपाटात पालथा ठेवला. कंपनीने दिराला फाटकावर बसवले आणि तिला शेड झाडायला ठेवले. पोटासाठी आली, असे लोकांना वाटले. पोटाचे तिने दुसरीकडेही भागवले असते. ज्या तोंडातून ते वाक्य बाहेर पडले त्याच तोंडाने ते चारचौघांत गिळायला हवे, यासाठी ती तिथे आली होती. याला ती न्याय म्हणत नसे. “न्याय झाला की एकदा,” ती म्हणे, “आता सूड.” सुशिक्षित माणसे हा शब्द टाळतात, कारण त्यांच्यासाठी बहुधा दुसरी दारे उघडी असतात.

आगीनंतर कंपनीला दरवर्षी सुरक्षेचा वर्ग भरवावा लागे. तंत्रनिकेतनातून एक तरुण प्रशिक्षिका येई. पहिल्याच वर्गात, हातात झाडू असताना, चिमटाबाईने विचारले, “काडी नसताना आग लागते का हो?”

“लागते ना.” प्रशिक्षिकेने पर्समधून कंगवा काढला, केसांतून फिरवला आणि कागदाच्या कपट्यांवर धरला. कपटे उडी मारून चिकटले. “हा कंगवा, हे टेबल, तुम्ही, मी, सगळे अणूंचे बनलोय. अणूच्या मध्यभागी धनप्रभार, भोवती ऋणप्रभाराचे इलेक्ट्रॉन. दोन्ही तोडीस तोड, म्हणून बाहेरून काही कळत नाही. सगळं शांत दिसतं.”

“आणि घासलं की?”

“एकाचे काही इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे जातात. मग इकडे जास्त, तिकडे कमी. थिनर नळीतून धावतं तेव्हा नळीच्या भिंतीशी हेच होतं. तो प्रभार थिनरबरोबर पिंपात उतरतो आणि साठत जातो. पिंप ढकलगाडीवर, तिची चाकं रबरी, म्हणजे जमिनीत जायला वाट नाही. मग तो हवेतूनच उडी मारतो, पिंप आणि नळीचं तोंड यांच्यामधून. तीच ठिणगी. आणि वाफही नेमकी तिथंच.”

“म्हणजे वस्तूतच आग भरलेली असते.”

“आग नाही, ताई. ओढ असते. प्रत्येक वस्तूत, दगडातसुद्धा. जुळलेली असते, म्हणून दिसत नाही इतकंच.”

“आणि चिमटा लावला तर?”

“मग तारेतून, खांबातून जमिनीत. ठिणगी होणारच नाही.”

ती खाली बसली. या उत्तराने नवरा अर्धा सुटला आणि पुन्हा अडकला. काडीची गरज नव्हती, हे खरे. पण चिमटा तर लावलेला होता आणि कान कोरा होता. मुकादम खोटे बोलला, याविषयी तिला शंका नव्हती. खोटे नेमके कुठे दडले आहे, तेवढे दिसत नव्हते. पुढे टेस्टरचे काम निघाले तेव्हा ते कोणालाच नको होते, कारण काम थांबवणारा सगळ्यांचा शत्रू होतो. तिने ते मागून घेतले.

दरम्यान मुकादम मॅनेजर झाला होता. एका हिवाळ्यात, स्वेटर काढताना केस उभे राहावेत इतकी हवा कोरडी असताना, शेडमध्ये भरणीची नवी नळी बसली. कंपनीच्या मालकीणबाई पाहुण्यांना घेऊन येणार होत्या आणि पहिले पिंप साहेब स्वतःच्या हाताने भरणार होते. “सगळं चकचकीत पाहिजे,” अशी आज्ञा सुटली. रंगारी आले आणि भिंती, कठडे, खांब असे जे समोर आले ते हिरवे करून गेले.

समारंभाच्या सकाळी तिने चिमटे लावून टेस्टर टेकवला. दिवा लागला नाही. ती खांबाजवळ वाकली. कान हिरवागार, तुकतुकीत. चिमट्याचे दात रंगातच रुतले होते, लोखंडापर्यंत पोहोचले नव्हते. रंगाचा एवढासा थर, आणि प्रभाराला जमिनीची वाट बंद. चिमटा जागेवर असूनही नसल्यासारखा.

तिथेच वाकलेल्या अवस्थेत तिला सगळे कळले. आगीच्या आदल्या संध्याकाळी नवरा बाहीला राखाडी रंग लावून घरी आला होता. “बडे लोक येणार आहेत म्हणून मुकादमानं शेड नवरीसारखी सजवलीय,” असे म्हणत त्याने सदरा भिजत टाकला होता. समितीला मात्र कान कोरा दिसला. कोणीतरी तो खरवडला होता, लोक जळालेल्यांना उचलत असताना.

पण हे ती कोणाला सांगणार होती? रंगाचा डाग सदऱ्यातून केव्हाच धुऊन गेला होता.

पाहुणे आत आले. मुकादम नवा सूट घालून तोटीपाशी उभा राहिला, आणि पाहुण्यांसमोर त्याला जाकीट काढायला कोणी सांगणार नव्हते. तिने टेस्टर खिशात टाकला. काहीच करायचे नव्हते, फक्त गप्प राहायचे होते. वस्तूंचा स्वभाव उरलेले काम करणार होता, आणि अहवालात पुन्हा कोणाच्या तरी काडीची नोंद होणार होती. ती गप्प उभी राहिली, आणि त्या गप्प राहण्यात तिला कित्येक वर्षांनंतर खोल श्वास घेता आला. हे तिने पुढे कोणापासून लपवले नाही.

मग तिचे लक्ष पिंपाकडे गेले. तो थट्टेखोर गडी पाठ वळवून पिंप धरून उभा होता, जसा तिचा दीर उभा होता. आणि दुसरीही गोष्ट तिच्या ध्यानात आली: जळालेला मुकादम हुतात्मा होईल. त्याचा फोटो कार्यालयात लागेल, आणि ते तोंड कायमचे बंद होईल. तिला ते तोंड उघडे हवे होते. दया तिच्या मनात नव्हती.

“थांबा, मुकादम. दिवा लागत नाही.”

“टेस्टर बिघडला असेल.”

“दारातल्या पत्र्यावर लागतो. इथं लागत नाही.”

पाहुण्यांत कोणीतरी हसले. मालकीणबाईंनी भुवया उंचावल्या. मुकादमाचा चेहरा तापला. तो तरातरा खांबाकडे गेला, चिमटा उपटला आणि खिशातल्या किल्लीने कान खरवडू लागला. हिरवे पापुद्रे नव्या बुटांवर पडले.

“कान कोरा ठेवा म्हणून किती वेळा ओरडायचं? मागच्या वेळीही या गाढवांनी असाच फासून ठेवला होता. शेवटी मलाच खरवडावा लागला!”

“मागच्या वेळी म्हणजे कधी, मुकादम?”

किल्ली थांबली.

शेडमधल्या प्रत्येकाला ठाऊक होते की याआधी शेड एकदाच रंगवली गेली होती, आगीच्या आदल्या दिवशी. आगीनंतर भिंतींवरची काजळीसुद्धा नुसती धुतली होती, रंगाला कंपनीने नकार दिला होता. थट्टेखोर गड्याने पिंपावरचे हात काढून घेतले.

“कधी खरवडलात?” तिने आवाज न चढवता विचारले. “आधी खरवडला असता तर माझा माणूस आज जिवंत असता. म्हणजे नंतर.”

“मला आधी दिसलं नव्हतं,” तो म्हणाला. “देवाशपथ नव्हतं दिसलं. त्यांना उचलून नेलं, तेव्हा चिमटा रंगावर दिसला. रंगवायला मीच सांगितलं होतं… माझी नोकरी गेली असती.”

“आणि काडी?”

तो मालकीणबाईंकडे पाहू लागला.

“तिकडे नाही. इकडे बघा. काडी?”

“काडी नव्हती.”

पाहुण्यांना आत सोडून दीर दारातच थांबला होता. तो पुढे आला, आणि वाटेतल्या लोकांनी आपोआप जागा दिली. “चिमटा दादानं लावला होता?” त्याने विचारले.

“हो.”

“नीट लावला होता?”

“हो. नीटच.”

दिराने आपले वळलेले हात छातीशी धरले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिले. “वहिनी,” एवढेच म्हणाला.

तिने कोऱ्या झालेल्या पट्टीला चिमटा लावला, टेस्टर टेकवला. हिरवा दिवा लागला. “आता काही भीती नाही, मुकादम,” ती म्हणाली. “जाकीट काढा, हात लावा आणि भरा. मी शेजारी उभी राहते.”

त्याने तोटीकडे हात नेला, पण त्याच्याने ती फिरवेना. मालकीणबाई पाहुण्यांना घेऊन बाहेर गेल्या, तरी तो तसाच उभा होता.

पुढे त्याला कामावरून काढले आणि जुनी चौकशी उघडण्याचे कागद हलू लागले. तिने त्यात फारसे लक्ष घातले नाही. एका सुट्टीच्या सकाळी तो तिच्या दारात आला. गल्ली जागी होती. बायका कपडे वाळत घालत होत्या, पुरुष दाढी करत होते. तिने त्याला उंबऱ्याबाहेरच उभे केले आणि सासूबाईंना खुर्ची आणून दिली.

“माफी मागायला आलोय, वहिनी.”

“वहिनी म्हणू नका. आणि माझी मागू नका, ती मिळायची नाही. काय झालं ते यांना सांगा.”

त्याने खाली मान घालून पुटपुटत सांगितले.

“मोठ्यानं,” ती म्हणाली. “त्यांना कमी ऐकू येतं.”

शेजारच्या घरातल्या दुधाच्या पातेल्यावरचे झाकण हलले तरी सासूबाईंना ऐकू येत असे. त्यांनी सुनेकडे एकदा पाहिले. मग सावकाश हात कानामागे नेला. “काय म्हणतोय हा?”

तो ओरडला. रंग त्याने लावायला सांगितला, कान त्याने खरवडला, काडी नव्हती, थोरल्याचा काही दोष नव्हता. गल्लीतल्या खिडक्या एकेक उघडल्या. दाढी करणारे तोंडाला साबण तसाच ठेवून बाहेर आले.

सासूबाईंनी सगळे ऐकून घेतले. डोळे पुसले, पदर सारखा केला आणि पुन्हा हात कानामागे नेला.

“काडीचं नीट कळलं नाही,” त्या म्हणाल्या. “पहिल्यापासून सांग.”