सरदाराच्या किल्ल्यातली टायपिस्ट

दिल्लीत आर. के. पुरममधलं आमचं क्वार्टर बाबांच्या नावावर नव्हतं, आत्याच्या नावावर होतं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. ती केंद्र सरकारच्या एका खात्यात टायपिस्ट होती. बाबा कॅनॉट प्लेसमधल्या खासगी कंपनीत होते, आणि खासगीवाल्याला सरकार काय म्हणून घर देईल? त्यामुळे दोन खोल्या, आतला नळ, पुढचा हिरवळीचा तुकडा, सगळं आत्याच्या नोकरीवर उभं होतं. तिनं नोकरी सोडली की आम्ही रस्त्यावर. हे घरात कुणी बोलत नसे, पण मला सातवीत असतानाही ते पक्कं ठाऊक होतं.

आत्याचं लग्न झालं नव्हतं. होईल असंही कुणाला वाटेनासं झालं होतं. मग एका गणपतीत, आमच्या सेक्टरातल्या मराठी मंडळींचा लाउडस्पीकर ऐन आरतीला बंद पडला आणि कॅन्टोन्मेंटमधून आलेल्या एका सुभेदारांनी तो दुरुस्त केला. आत्या त्यांच्यासाठी टॉर्च धरून उभी होती. झालं. त्यानंतर सुभेदार दर रविवारी कडक इस्त्रीचा शर्ट घालून बसनं आमच्याकडे येऊ लागले. मूळचे साताऱ्याकडचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. होळीनंतर पेन्शनीत निघणार आणि गावी जाऊन शेती बघणार. त्यांच्या गावात वीज खांबापर्यंत आली होती, घरात नव्हती. पाणी विहिरीचं. दिवाळी झाल्यावर त्यांनी बाबांना सरळ विचारलं. बाबा म्हणाले, ताईला विचारा. ताई म्हणाली, विचार करून सांगते. आणि तो विचार थंडीभर चालला.

त्या थंडीतच आत्यानं ते पुस्तक आणलं. मार्केटमध्ये इंग्रजी कादंबऱ्या भाड्यानं देणारं एक दुकान होतं. ती बसमध्ये वाचायची आणि रविवारी जेवणं झाली की हिरवळीवर चारपाई टाकून आम्हाला मराठीतून सांगायची. उन्हात बसून आई मटार सोलायची. मी सोललेले खायची आणि बोलणी खायची. बाबा पेपर तोंडावर घेऊन झोपल्याचं सोंग करायचे. सुभेदार खुर्चीवर ताठ, जणू परेडला बसले आहेत.

गोष्ट अशी होती. लंडनच्या एका ऑफिसातली टायपिस्ट सुट्टीत एक पडका किल्ला बघायला जाते. तिथल्या एका शिळेला टेकून तिचा डोळा लागतो आणि जाग येते ती सहाशे वर्षं मागे. किल्ला धडधाकट, दारावर भालेवाले, आणि आत एक अबोल सरदार. वर्षातला सगळ्यात मोठा दिवस येईल तेव्हा ती शिळा तिला परत नेणार. तोवर तिनं तिथेच राहायचं.

आत्या सांगायची फार छान. पण ऐकणारे आम्ही. माझ्या डोळ्यांपुढे तो किल्ला उंच डोंगरावर होता, खाली करवंदांच्या जाळ्या, वर टाकं. पुढे कधीतरी शाळेच्या पुस्तकात इंग्लंडचा किल्ला सपाट जमिनीवर पाण्याच्या खंदकात उभा दिसला, तेव्हा मी बाईंना चित्र चुकलंय म्हणून सांगितलं आणि वर्गात हसं करून घेतलं. आईच्या शंका वेगळ्याच. एवढ्या थंडीत त्या पोरीनं अंघोळीचं काय केलं? सुभेदार एकदाच बोलले, "घोड्यांचं कोण बघतं?" आत्या म्हणाली, "पुस्तकात नाही दिलं." ते म्हणाले, "मग सरदारच बघत असेल." आत्या लाजली. तिला लाजताना मी पहिल्यांदा बघत होते, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

पण सगळ्यांचा जीव अडकला होता तो गोष्टीतल्या त्या टायपिस्टच्या नोकरीत. आमची कॉलनीच तशी, सरकारी नोकरांची. शेजारच्या काकू एकदा मेथी निवडत येऊन बसल्या आणि सगळं ऐकून म्हणाल्या, "पण तिची रजा कोणी सँक्शन केली? एवढे महिने विदाउट पे म्हणजे सीनिऑरिटी गेली ना बिल्कुल!" आम्ही खूप हसलो. हसता हसता मी म्हणाले, "आणि तिचं क्वार्टर? ते तर गेलंच असेल."

कुणी हसलं नाही. बाबांच्या तोंडावरचा पेपर हलायचा थांबला. आत्या पानं उलटत राहिली, मग म्हणाली, "आज एवढंच."

बाबांचा मला तेव्हा राग आला होता आणि अजून येतो. माणसानं हो तरी म्हणावं, नाही तरी म्हणावं. ते होळीपर्यंत तोंड उघडायला तयार नव्हते. मला स्वतःला आत्या हवी होती, हे सांगायला मला लाज नाही. माझ्या वेण्या ती घालायची, माझं इंग्रजी ती घ्यायची. रात्री मी देवाला सांगायची, त्या लंडनवालीला परत आण.

होळीआधीचा रविवार आला. उन्हाचा चटका लागू लागला होता, मटार संपत आले होते. सुभेदारांना त्या दिवशी उत्तर हवं होतं. आत्यानं पुस्तक उघडलंही नाही. मांडीवर ठेवून सांगत राहिली. मोठा दिवस उजाडला. सरदार तिला शिळेपर्यंत सोडायला आला. तिनं शिळेला हात लावला. "आणि ती परत आली," आत्या म्हणाली. "ऑफिसात तिची खुर्ची तशीच होती. टाइपरायटर तसाच. सगळ्यांना बरं वाटलं."

मी टाळ्या वाजवल्या. सुभेदारांनी शर्टाची बाही सरळ केली. मग म्हणाले, "बरोबर आहे. तिची माणसं तिथं होती." आणि उठले.

"खोटं आहे हे," आई म्हणाली.

आई कधी मोठ्यानं बोलत नसे. आत्यापुढे तर नाहीच. शेंगा बाजूला सारून ती उभी राहिली होती.

"अगं, पुस्तकात तसंच आहे," आत्या म्हणाली.

"मग पुस्तक चुकलंय. वन्सं, मला इंग्रजी येत नाही, पण तुम्हाला मी बघतेय ना. थंडीभर बघतेय. ती बाई परत येणारी नाही. आली तर त्या खुर्चीत बसून रोज रडेल."

"आणि तुम्ही कुठे जाल?" आत्याच्या तोंडून निघून गेलं. गोष्टीचं नाटक तिथे संपलं.

"मुनिरकात भाड्याची खोली बघून आलेय मी."

बाबांनी तोंडावरचा पेपर काढला. "मला बोलली नाहीस ते?"

"आता बोलतेय ना. सुभेदार, बसा खाली. चहा टाकते."

आत्या हमसून हमसून रडायला लागली. सुभेदार बसले नाहीत, तिच्याजवळ जाऊन उभे राहिले. ते पुस्तक हिरवळीवर पडलं होतं. शेवट खरा काय होता, कुणीच बघितला नाही. संध्याकाळी बाबाच ते दुकानात देऊन आले.

मुनिरका आमच्या कॉलनीला लागूनच, पण तेव्हा गावच होतं. आमच्या खोलीखाली घरमालकाच्या म्हशी बांधलेल्या असायच्या. पाणी खालच्या हँडपंपाचं, आणि आईची कंबर त्या पंपावरच कायमची धरली. साताऱ्याहून आत्याची पत्रं यायची. घरात विजेचा दिवा लागला, गाय व्यायली. आई ती मला मोठ्यानं वाचायला लावायची.

एकदा पंपावर बायकांनी विचारलं, सरकारी क्वार्टर सोडून इथे कशा आलात? मी फणकाऱ्यानं सांगून टाकलं, आत्याच्या लग्नामुळे गेलं. आईनं भरलेली बादली खाली ठेवली, माझा दंड धरला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "गेलं नाही. मी सोडलं. पुन्हा कुणी विचारलं तर असंच सांगायचं."