खांबी अक्षरं

निजामाच्या अमलात औरंगाबादच्या कचेरीत कमरोद्दीनचं उर्दू अक्षर नावाजलेलं होतं. पोलीस ॲक्शननंतर कारभाराची भाषा बदलली आणि ऐन तारुण्यात त्याच्या हातचं काम गेलं. मराठी तो घरच्यासारखी बोलायचा, पण वाचता मात्र येत नव्हती.

उस्मानपुऱ्यात वच्छलाबाईंची पिठाची गिरणी होती. नवऱ्यामागं बाईच ती चालवायच्या. कमरोद्दीनची बायको ताहेरा दळण घेऊन गेली आणि बोलता बोलता रडली. बाईंनी लगेच त्याला बोलावून घेतलं.

"कमरोद्दीनभाई, गिरणीवर नाव रंगवून द्या."

"बाई, मला मराठी लिवता कुठं येतं?"

"मला येतं की! मी दाखवते, तुमी काढा."

बाईंनी कोळशानं फरशीवर अक्षरं काढून दाखवली. पण जागा होती दार आणि खिडकीमधल्या अरुंद भिंतीवर. गोल, पसरट अक्षरं तिथं मावेनात. पुसून पुसून भिंत काळी झाली. शेवटी कमरोद्दीननं अक्षरं दोन्ही बाजूंनी आवळली, वर ताणली आणि प्रत्येक काना खांबासारखा जाड केला. गिरणीचं नाव रस्त्यापलीकडून वाचता येऊ लागलं.

"लई दणकट झालं बगा," बाई म्हणाल्या आणि येईल त्या गिऱ्हाइकाला भिंत दाखवू लागल्या.

त्या बोलण्यातूनच कामं येत गेली. मालट्रकांची फळकुटं, गोदामांची दारं, कापसाच्या जिनिंगची धुराडी. जिथं जागा कमी आणि वाचणारा लांब, तिथं कमरोद्दीनची खांबी अक्षरं. बाई होत्या तोवर ईदचा पहिला शीरखुर्मा त्यांच्याकडं जायचा.

केस पिकल्यावर त्याला चितेगावच्या एका कारखान्याचं काम मिळालं. पॅकिंगच्या शेडला मागं एक अरुंद दार होतं. त्यावर आतल्या बाजूनं 'बाहेर' लिहायचं होतं. कमरोद्दीननं चौकटीपासून उंबऱ्यापर्यंत दारभर अक्षरं काढली, काळ्यावर पिवळी.

पुढच्या उन्हाळ्यात त्या शेडमधल्या पुठ्ठ्यांनी पेट घेतला. काही दिवसांनी हाताला पट्टी बांधलेला एक कामगार पत्ता विचारत घरी आला. नाव पुंजाराम.

"चाचा, धुरानं वरचं कायबी दिसंना. आमी जमिनीवर सरपटत व्हतो. तुमच्या अक्षरांचे पाय दिसले, पिवळे. तिकडंच गेलो. समदे निघालो." त्यानं वाकून पाय धरले.

कमरोद्दीननं त्याला उठवलं. मग डोळे पुसत तो म्हणाला, "बेटा, हे उपकार माझे नाय. माझं पोट बुडालं तवा एका बाईनं मला हातात कोळसा घेऊन शिकवलं. तिला दुवा दे."

"देतो. पण पाय तुमचेच धरणार," पुंजाराम हट्टानं म्हणाला.

ताहेरानं आतून हाक दिली, आणि कमरोद्दीन त्याचा चांगला हात धरून त्याला जेवायला घेऊन गेला.