लेखिकेला न कळवता प्रकाशन

माझ्या मुलीचं पहिलं पुस्तक मी तिला न विचारता प्रकाशित केलं. तिनं मुळात पुस्तक लिहिलेलंच नव्हतं, ही अडचण मला नंतर समजली.

प्रज्ञा आमची एकुलती एक. शेळगावातनं बारामतीला कॉलेजला गेली, बारामतीतनं पुण्याला आणि पुण्यातनं बंगळूरला. तिथं एका संस्थेत ती शाळेतल्या पोरांना प्रोग्राम बनवायला शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरचं काम करते. सॉफ्टवेअर तसं गोड आहे. पडद्यावर एक खार असते. रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडले, की त्यात सांगितलं असेल तसं ती चालते, वळते, उड्या मारते. हे ठोकळे कसे जोडायचे त्याचे मराठी धडे प्रज्ञा लिहिते. लिहिते म्हणजे खूप लिहिते. दिवाळीला आली तरी लिहितच असते.

मी तीस-पस्तीस वर्षं साखर कारखान्याच्या शेती खात्यात काढली. उसाच्या नोंदी करण्यापलीकडं माझ्या हातून कधी काही लिहून झालं नाही. आमच्या घरात पुस्तकाला मात्र मान. माझ्या वडिलांनी घराला दार बसवायच्या आधी पुस्तकांना कपाट केलं होतं. अशा घरात मुलगी लेखिका झाली, आणि तिनं लिहिलेली एक ओळसुद्धा कपाटात नाही, हे मला फार लागायचं. तिला विचारलं की म्हणायची, "अण्णा, सगळं साइटवर हाय की. वाचा."

मी प्रयत्न केला नाही असं नाही. पण फोनवर वाचायचं म्हणजे वाऱ्यावर उडणारा कागद वाचण्यासारखं. जरा बोट लागलं की पान पळायचं. पान थांबलं की खार पळायची. मध्येच व्हिडिओ सुरू व्हायचा आणि त्यातनं कुणा भलत्याच बाईचा आवाज यायचा. मला आवाज पाहिजे होता प्रज्ञाचा. ती गेल्यापासून घर इतकं गप्प झालं होतं, की फ्रिज चालू झाला तरी मी आणि माझी बायको शांता दोघं तिकडं बघायचो.

म्हणून मी सगळी साइट छापून घ्यायची ठरवली.

बारामतीला एस.टी. स्टँडजवळ झेरॉक्स आणि बायंडिंगचं दुकान आहे. मालकाला साइट दाखवली. त्यानं विचारलं, यातलं कुठलं पान काढू. मी म्हणालो, सगळी. त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा सगळी म्हणालो. (इथं त्यानं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं, ती मला आदराची वाटली होती.) वर जाड पुठ्ठा घालायचा, त्यावर पदवीच्या टोपीतला तिचा फोटो, खाली मोठ्या अक्षरात तिचं नाव. आतला मजकूर तपासून घेणार का, असंही त्यानं विचारलं. मी म्हणालो, माझ्या पोरीचं लिखाण मी काय तपासणार?

गठ्ठे घरी आले. मी हात धुऊन पहिली प्रत उघडली. पहिल्याच पानावर मधोमध काळा चौकोन आणि त्यात पांढरा त्रिकोण. तो व्हिडिओ होता. पुढच्या पानावर खार हवेत. त्याच्या पुढच्याही पानावर खार हवेतच. उडी सुरू झालेली होती, ती पुस्तक संपेपर्यंत जमिनीवर काही आली नाही. आणि जवळजवळ प्रत्येक पानाच्या शेवटी लिहिलेलं, 'पुढे जाण्यासाठी इथे दाबा.'

शांतानं चष्मा लावला आणि अंगठ्यानं दाबलं. मग माझ्याकडं बघून शांतपणे म्हणाली, "दाबलं. काय झालं न्हाय."

मी तिला सांगितलं की तांत्रिक पुस्तकं अशीच असतात. ती म्हणाली, पोरीला एकदा विचारा. पण पोरीला विचारलं तर गंमत काय राहिली? मला तिला चकित करायचं होतं. प्रकाशनाच्या कार्यक्रमात, सगळ्या गावासमोर, व्हिडिओ कॉल लावून. खरं सांगायचं तर मला असंही वाटत होतं, की एवढं सगळं बघितल्यावर ती लगेच चार दिवस रजा टाकून घरी येईल. पुस्तक हे निमित्त होतं. पण निमित्ताला इतकी पानं झाली होती, की आता मागं फिरता येत नव्हतं.

रविवारी दुपारी विहारात कार्यक्रम ठेवला. प्रतिमांना हार घातले, वंदना झाली. प्रमुख पाहुणे होते भोसले सर, निमगाव केतकीचे निवृत्त मुख्याध्यापक. प्रज्ञाला त्यांनीच शाळेत शिकवलेलं. सरांचा आवाज खणखणीत, आणि एक सवय अशी की हातात कागद आला की त्यावर छापलेलं सगळं वाचायचं, काही सोडायचं नाही. सरांनी लाल फीत सोडली, प्रत उंच धरली, टाळ्या झाल्या. मग म्हणाले, विद्यार्थिनीचे शब्द वाचून दाखवण्याचा मोह मला आवरत नाही.

आणि त्यांनी मधलंच एक पान उघडून सुरुवात केली.

"'ही साइट कुकीज वापरते. तुम्हाला हे मान्य आहे का?'" वाचून सर थांबले. लेखिकेनं प्रश्न विचारलाय म्हटल्यावर त्यांनी चष्म्यावरनं सभेकडं बघितलं. सभेला सवय ग्रामसभेची. दोन-चार आवाज आले, मान्य. मागं बसलेल्या माझ्या चुलतीनं शेजारणीला विचारलं की बिस्किटं आत्ता हायत का कार्यक्रम झाल्यावर.

सरांनी पान उलटलं. "'तुम्ही यंत्रमानव नाही याची खात्री करा.'" आता मात्र सर जरा गंभीर झाले. हे वाक्य फार खोल आहे, असं म्हणून त्यांनी आजच्या माणसाचं यंत्र कसं झालं आहे यावर विवेचन केलं. ते चांगलं झालं. लोकांनी माना डोलावल्या. मी मात्र खुर्चीत घसरत घसरत इतका खाली गेलो होतो, की मला फक्त टेबलाचे पाय दिसत होते. पुढचं पान 'क्षमस्व, आपण शोधत असलेले पान सापडले नाही' एवढंच होतं. सर म्हणाले, लेखिकेचा प्रांजळपणा बघा.

मी उठून चहा सांगायच्या बेतात होतो, तेवढ्यात सरांना खरा धडा सापडला. धडा 'पुन्हा पुन्हा करा' या ठोकळ्याचा होता. एखादी गोष्ट व्हायला पाहिजे तशी होईपर्यंत प्रोग्राम ती करत राहतो, असं त्यात शिकवलेलं. सरांनी उदाहरण वाचलं.

"'समजा, खारूताई गावापासून लांब राहते. तिचे अण्णा रोज फोन करतात. ते विचारतात, जेवलीस का? खारूताई म्हणते, न्हाय अजून. अण्णा पुन्हा विचारतात, जेवलीस का? हो असं उत्तर येईपर्यंत अण्णा थांबत नाहीत. अण्णांना थांबवायचा दुसरा कुठलाही ठोकळा नाही.'"

 पहिल्यांदा शांता हसली. तिच्यामागं सगळा विहार. हसणं थांबेना. चुलती डोळे पुसत म्हणाली, "ह्यो तर आपलाच अण्णा." सरसुद्धा टेबल धरून हसत होते. मीही हसत होतो. निदान तोंड तसं केलं होतं. मनात दुसरंच चाललं होतं. एवढ्या लांब, कुठल्यातरी काचेच्या इमारतीत बसून, कामाच्या मध्ये माझी पोर मला लिहीत होती. महाराष्ट्रातल्या शाळाशाळांतली पोरं मला ठोकळे जोडून फोन करायला लावत होती, आणि मला पत्ता नव्हता. हे मी फोनवर इतक्या वेळा चाळलं होतं आणि प्रत्येक वेळी पान पळालं होतं.

अशा अवस्थेत माझ्या भाच्यानं व्हिडिओ कॉल लावला आणि पडदा भरून प्रज्ञा आली. रविवार होता. लेखिका डोक्याला टॉवेल गुंडाळून उभी होती. मागं दोरीवर कपडे वाळत होते. तिला समोर अख्खं गाव दिसलं, मागं बॅनर दिसला, बॅनरवर स्वतः दिसली.

सरांनी माइक माझ्या हातात दिला. मी चार दिवस भाषण पाठ केलं होतं. कारखान्यातल्या नोकरीपासून सुरुवात होती, शेवटी आशीर्वाद होता. त्यातलं एक अक्षर आठवेना. तिचा चेहरा बघितला, आणि माइकमधनं साऱ्या विहाराला ऐकू गेलं,

"जेवलीस का?"

माणसं खुर्च्यांवरनं पडायची बाकी राहिली. प्रज्ञाला काय झालंय ते कळेना. ती आपली नेहमीसारखी म्हणाली, "न्हाय अजून, अण्णा." आणि मी, अगदी खरं सांगतो, पुन्हा तेच विचारलं.

रात्री तिनं समजावून सांगितलं. रागावली नाही. धडे संस्थेचे आहेत, चौघीजणी मिळून लिहितात, शाळांसाठी छापायला बंदी नाही, पण तिचं एकटीचं नाव घातलं ते बरं नाही. शिवाय मागच्याच आठवड्यात सगळे धडे बदललेत, म्हणजे आपलं पुस्तक प्रकाशनाच्या दिवशीच जुनं होतं. हे शेवटचं सांगताना तिचा आवाज फार मऊ झाला होता, डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात तसा. रजेचं मी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही.

गठ्ठे तसेच पडून राहिले. मग भोसले सर येऊन ते त्यांच्या ओळखीच्या एका शाळेत घेऊन गेले. तिथं संगणक होते, पण नेटचा भरवसा नव्हता. काही दिवसांनी मी सहज बघायला गेलो, तर वर्गात पोरं कात्र्या घेऊन बसलेली आणि प्रज्ञाच्या पुस्तकाचे तुकडे तुकडे चाललेले. मी त्यांना थांबवायला पुढं झालो. पण पोरं पानांवरचे ठोकळे कापून फरशीवर एकाखाली एक लावत होती, आणि एक मुलगी खार होऊन त्याप्रमाणे वर्गभर चालत होती. चुकली की सगळी ओरडायची, ठोकळा बदलायची, पुन्हा चालवायची. तो 'पुन्हा पुन्हा'चा ठोकळा आला की सगळी मिळून 'जेवलीस का' म्हणायची. मी दाराआड उभा राहिलो. मी कोण ते कुणाला सांगितलं नाही.

सरांनी त्याचा व्हिडिओ प्रज्ञाला पाठवला. संस्थेतल्या लोकांनी तो बघितला, आणि कापायची छापील पानं शाळांना द्यावीत का, हे बघायला त्यांनी प्रज्ञालाच पाठवलं. म्हणजे माझी पोर घरी आली ती ऑफिसच्या कामानं. मला चाललं. शाळेतनं आली की ती अंगणात बसून बोलायची, शांता मुद्दाम भाकऱ्या हळूहळू थापायची, आणि फ्रिजकडं कुणी बघत नव्हतं. मग ती गेली. बारामतीच्या स्टँडवर गाडी सुटली, मी हात हलवला, आणि परत येताना माझ्या बाजूची खिडकी मी कारण नसताना उघडझाप करत होतो.

जाताना तिनं तिचा जुना लॅपटॉप ठेवला आणि सॉफ्टवेअर सुरू करून दिलं. म्हणाली, वाचण्यापेक्षा एकदा करून बघा. दुसऱ्या दिवशी मी बसलो. एक ठोकळा सापडला, तो जोडला. खार चालायला लागली. मला इतका आनंद झाला की मी शांताला हाक मारली. ती येईपर्यंत खार पडद्याच्या कडेला पोचली आणि बाहेर गेली. मी वाट बघितली. आली नाही. शेवटी प्रज्ञाला स्पीकरवर फोन लावला, आणि तिनं मला काय काय जोडलंय ते वाचायला लावलं.

ती हसली. "अण्णा, तुमी तिला नुसतं 'पुढं चल' सांगितलंय. मग ती परत कशी येईल?"

शांता दारातनं म्हणाली, "तिलाच न्हाय, त्यांनी घरात सगळ्यांना तेवढंच सांगितलंय."

मी घाईनं फोन कानाला लावला आणि मोठ्यानं म्हणालो, हॅलो, हॅलो, रेंज जातीय वाटतं. रेंज चांगली भरपूर होती.