लेटची वाटी

भोंगाकाकांचा आवाज ऐकला नाही असा माणूस आमच्या गावात सापडायचा नाही. बसस्थानकावरच्या काचेच्या खोलीत बसून ते गाड्यांची घोषणा करायचे. खोली कसली, एक टेबल, एक माइक आणि एक पंखा मावेल एवढी जागा. पंख्याची घरघर माइकमध्ये जाते म्हणून ते आधी पंखा बंद करत, तो पुरता थांबेपर्यंत गप्प बसत आणि मगच तोंड उघडत. ‘भोंगा’ हे नाव ड्रायव्हर मंडळींनी ठेवलं, आणि काकांनी ते इतकं मिरवलं की त्यांचं खरं नाव विचारलं तर लोक एकमेकांकडे बघायचे.

माझं दुकान फोटोफ्रेमचं. काच कापायच्या मोठ्या टेबलावर दर रविवारी दुपारी आम्ही एक खेळ मांडायचो. खेळ चालवणारी मी, म्हणजे जंगल माझं, गुहा माझ्या, संकटंही माझीच. खेळणारे तिघे: समोरचा सलूनवाला, शाळेतल्या गणिताच्या बाई आणि भोंगाकाका. प्रत्येकाने एक अद्भुत प्राणी पाळायचा, त्याला हुकूम शिकवायचे आणि त्याच्या साथीने माझ्या जंगलातून जिवंत बाहेर पडायचं. प्राण्याने ऐकलं की नाही ते फासे ठरवायचे. काकूंच्या, म्हणजे भोंगाकाकांच्या बायकोच्या, लेखी आम्ही चौघंही वाया गेलेली माणसं होतो. “केस पिकले तरी खेळणी सुटत नाहीत,” असं त्या आमच्या तोंडावर म्हणायच्या.

सलूनवाल्याने आग ओकणारा बोकड घेतला. बाईंनी माणसांची भाषा समजणारं कासव. काकांनी निवडलं ते भलतंच: गुहेत राहणारं, वासराएवढं, पाठीवर खवले, सुपाएवढे कान, पंख असून ते उघडायला घाबरणारं आणि डोळेच नसलेलं.

“काका, आंधळं जनावर घेऊन करणार काय?” मी विचारलं.

“त्याला डोळे नाहीत तर नाहीत. मला आवाज आहे की!”

हाक मारली की ते यायचं, पण आपल्या सवडीने. म्हणून काकांनी त्याचं नाव ठेवलं ‘लेट’.

नियमांच्या बाबतीत मी कुणाची भीडभाड ठेवत नाही. हुकूम आपला आपण द्यायचा, मोठ्याने. प्राण्याने ऐकलं की त्याच्या वाटीत काचेचा एक मणी टाकायचा. मणी माझ्याच दुकानातले, फ्रेमवर चिकटवायचे. वाटी काठोकाठ भरली की प्राणी आणि त्याला पाळणारा यांच्या मध्ये फाशांना काम उरत नाही; हाक दिली की प्राणी येणारच. इतक्या वर्षांत वाटी कुणाचीच भरली नव्हती. लेटची भरत आली होती.

तेवढ्यात काकांचा घसा बसला, तो बसलाच. गोळ्या झाल्या, गुळण्या झाल्या, मग मोठ्या इस्पितळात कर्करोग निघाला. जीव वाचवायला स्वरयंत्र काढावं लागलं. बसस्थानकाने त्यांना पार्सलच्या खिडकीत बसवलं. काचेच्या खोलीत दुसरं कुणी आलं, आणि मला अजून ती घोषणा परक्या घरातली वाटते.

काका दुकानात परत आले ते गळ्याला पांढरं फडकं आणि हातात पाटी घेऊन. सगळे नको इतके हसून बोलत होते. लेटला हाक मारायची वेळ आली तेव्हा मीच म्हटलं, “काका, तुम्ही नुसतं टेबलावर ठोका. ठोका म्हणजेच हाक, असं धरू आपण.”

“हो, हो, त्यात काय!” सलूनवाला म्हणाला.

काकांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. त्यांनी पाटीवर लिहिलं, ‘लेटला काय माहीत? पहिल्यापासून शिकवायचं.’ आणि भरत आलेली वाटी उचलून टेबलावर पालथी केली. मणी घरंगळत काचेच्या तुकड्यांत गेले. मला रडू आलं आणि रागही आला. नियम माझा, आणि मला तो मोडू देत नव्हता हा माणूस!

आंधळ्या जनावरापुढे हातवारे करून उपयोग नव्हता, तेव्हा उरला ठोकाच. माझ्या टेबलावर जाड लोकरी कापड असतं, त्यात आवाज दबतो. काका त्याचा कोपरा दुमडायचे आणि उघड्या लाकडावर बोटाच्या पेराने ठोकायचे. ‘परत ये’ म्हणजे एक ठोका, मग जरा थांबून दोन. ते थांबणं त्यांचं खास होतं. पंखा बंद करून बोलायच्या आधी थांबायचे ना, अगदी तेवढं.

लेटने ऐकलं नाही. रविवारमागून रविवार गेले, तो कान हलवायचा आणि भलतीकडेच चालू लागायचा. फाशांनी जणू दावा मांडला होता. सलूनवाल्याने एकदा गुपचूप फासा उलटला, तर काकांनी तो पुन्हा होता तसा ठेवला आणि पाटीवर लिहिलं, ‘तुझ्या बोकडाला शिकव लबाडी.’

मधल्या काळात काकू एकदा फ्रेमला काच बसवायला आल्या. काच मापून होईपर्यंत त्या उभ्याच होत्या. मग एकदम म्हणाल्या, “घरात ते काही मागतच नाहीत गं. पाटीवर लिहून स्वयंपाकघराच्या दाराशी येतात. मी ओट्यापाशी पाठमोरी, मला दिसणार कसं? तसेच मागे फिरतात. चहासुद्धा मागत नाहीत. बोलणं गेलं ते गेलं, पण मला हाक मारायचंच सोडलंय त्यांनी. माणूस घरात असून घर रिकामं वाटतं.”

मी मापाची काच कापायला घेतली.

मग एका रविवारी लेट वळला. फार नाही, चार पावलं, पण आवाजाच्या दिशेने. काकांनी वाटीत मणी टाकला, आणि सलूनवाला नाक शिंकरायला बाहेर गेला. त्या दिवशी जाताना काकांनी माझ्या डब्यातले मूठभर मणी आणि एक रिकामी वाटी पिशवीत घातली. मी भुवई उंचावली, तर पाटीवर एकच शब्द लिहिला: ‘सराव’. मला वाटलं, घरी बसून ठोके घोटवणार असतील. पुढे मणी संपले की मागून न्यायचे.

आमच्या टेबलावरची वाटी अर्धी भरली तेव्हा आजार परतला. या वेळी त्याने सवड दिली नाही.

काका गेल्यानंतर आम्ही बरेच रविवार खेळ मांडला नाही. मग बाईच म्हणाल्या, “लेटला असं ताटकळत ठेवायचं नाही.” सांभाळणारा गेला की प्राणी एकदा गुहेच्या तोंडाशी येतो, असा आमचा नियम. उरलेल्यांनी एकेकदा बोलवायचं. नाही आला, तर तो अंधारात कायमचा गेला.

सलूनवाल्याने कापडाचा कोपरा दुमडून ठोकलं. फासे उलटे पडले. बाईंनी ठोकलं. लेटने कान हलवले आणि तोंड फिरवलं.

“असं नाही ते.”

दारात काकू उभ्या होत्या. हातात झाकण ठेवलेली वाटी. “ही तुमची वाटी द्यायला आले होते,” त्या म्हणाल्या, “पण तुम्ही घाईने ठोकताय. मध्ये थांबायचं असतं.”

“तुम्हाला कसं ठाऊक?” मी विचारलं.

“मला ठाऊक नसेल तर कुणाला? मला बोलवायचं असलं की भिंतीवर असंच ठोकायचे. पहिल्यांदा मला वाटलं शेजारी खिळे मारतात, मी गेलेच नाही. मग एकदा डोकावले. तेव्हापासून मी गेले की ते वाटीत एक मणी टाकायचे आणि हसायचे. मी म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलेला काही व्यायाम असेल बोटांचा.”

त्यांनी झाकण काढलं. वाटी काठोकाठ भरली होती.

बाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि हळूहळू सगळं सांगितलं, लेट कोण, ठोका कशाचा, मणी कशाचे. काकूंनी ऐकून घेतलं. “म्हणजे मला पाळत होते होय!” असं म्हणून त्या हसल्या, आणि हसता हसता पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. आम्ही त्यांना रडू दिलं.

मग त्यांनी डोळे पुसले, पुढे सरकल्या आणि उघड्या लाकडावर ठोकलं. एकदा. थांबल्या. त्या थांबण्यात मला बंद होत जाणारा पंखा ऐकू आला. मग दोनदा.

सलूनवाल्याने फासे माझ्यापुढे सरकवले. मी ते उचलले नाहीत. भरलेली वाटी लेटची नव्हती, हे मला कळत होतं. पण ठोका तोच होता, थांबणंही तेच, आणि आंधळ्या जनावराला आणखी काय ओळखायचं असतं?

“आला का?” काकूंनी विचारलं.

“आला,” मी म्हटलं. “उशिराच, पण आला.”

काकूंनी मान डोलावली. माझ्या डब्यातून एक मणी घेतला आणि काकांच्या अर्ध्या राहिलेल्या वाटीत टाकला.