रेघेबाहेरचा ठिपका

एक डोळा मिटायचा, लाकडी रूळ हातभर लांब धरायचा आणि भिंतीवरच्या कागदाकडे नेम धरल्यासारखं बघायचं. मग म्हणायचं, "ठिपका घरी जायला हवा." आमचे हेडमास्तर दिवसातून दोनदा तरी हे करत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, भिंतीवरची पाल मारताहेत.

शहाद्याच्या मुलींच्या शाळेत मी लागले ती लढाईच्या दिवसांत. वडील सरकारी ओव्हरसियर, बदली होऊन इकडे आलेले. माझं सारं शिक्षण पुण्याच्या इंग्रजी शाळेत झालं होतं. मराठी बोलताना फारसं अडत नसे, पण लिहायला बसले की हात थांबायचा. पहिल्याच आठवड्यात मी फळ्यावर चार ओळींची सूचना लिहिली. हेडमास्तरांनी ती सातवीच्या मुलींना मोठ्याने वाचायला लावली आणि म्हणाले, "आता बाईंच्या चुका मोजा गं. जिला सगळ्या सापडतील तिला पेरू." मुलींना पाच सापडल्या. सहावी चूक त्यांनी स्वतः दाखवली आणि पेरू स्वतःच खाल्ला. मुली हसल्या, मीही हसले. त्यानंतर मी फळ्यावर शक्यतो शब्द लिहीत नसे. मला गणित दिलेलं होतं, ते आकड्यांवर भागत असे.

पेरू त्यांच्या कोरीटच्या मळ्यातले. घर शेतकऱ्याचं, आणि त्या घरात शाळा शिकलेले ते पहिलेच. लहानपणी वर्गात 'आहे'च्या जागी 'शे' म्हणाले म्हणून त्यांच्या गुरुजींनी त्यांना तोंडात खडू धरून तासभर उभं केलं होतं. हे ते फार अभिमानाने सांगत. "म्हणून आज माझी वाणी अशी आहे, बाई." आणि कुणा मुलीच्या तोंडून अहिराणी निसटली, की खिशातून खडू काढून तिच्यापुढे धरत. मुली तो मुकाट्याने दातांत धरायच्या. तोच माणूस मधल्या सुट्टीत ओट्यावर बसून साऱ्या मुलींच्या टाकांची नीपं पुसून, घासून, सरळ करून द्यायचा. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. त्याचा राग धरायला जावं तर तो आपलंच काहीतरी दुरुस्त करत बसलेला असतो.

बोलणं कुणाचंही असो, अर्ध्यावर आलं की ते हात वर करत. "पुरे, समजलं."

एकदा वरच्या कचेरीतून एक इंग्रजी पुस्तिका आली. दोन परीक्षांच्या गुणांचा एकमेकांशी संबंध कसा पाहावा, असा विषय होता. इंग्रजी म्हणजे माझं काम. मी वाचून सांगू लागले. चौकटींचा कागद घ्यावा. आडव्या बाजूला भाषेचे गुण, उभ्या बाजूला गणिताचे. प्रत्येक मुलीचे दोन्ही गुण जिथे मिळतात तिथे एक ठिपका द्यावा. ठिपके खालच्या डाव्या कोपऱ्यातून वर उजवीकडे चढत गेले, तर समजावं की दोन्ही गुण जोडीने वाढतात.

"म्हणजे जी इकडे हुशार, ती तिकडेही हुशार," ते म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते.

"बहुतेक वेळा. पण शेवटच्या पानावर असं दिलंय की एखादा ठिपका एकटा पडला तर..."

"पुरे, समजलं."

शेवटचं पान मी वाचलं होतं, त्यांनी ऐकलं नाही. एकटा पडलेला ठिपका चुकीचा समजू नये, आधी त्या मुलाकडे जाऊन चौकशी करावी, असं तिथे छापलेलं होतं.

लढाईमुळे चौकटींचा कागद मिळत नसे. धुळ्याहून एकच मोठा ताव आला, तो त्यांनी कचेरीच्या भिंतीवर लावला. सातवीच्या एकतीस मुली, एकतीस ठिपके. मधून एक तिरकी रेघ. नवीन चाचणी झाली की जुने ठिपके रबराने खोडायचे आणि नवे द्यायचे. हळूहळू मुलींची नावं मागे पडली. "खालचा ठिपका, उभी राहा." "रेघेवरचे ठिपके, पेरू घ्या." मुलींना त्याची मजा वाटू लागली. सकाळी मी आले की म्हसावदची एक वाचाळ पोर दारातच विचारायची, "बाई, आज कोना ठिपका पडना?"

सहामाहीला तीस ठिपके रेघेच्या आजूबाजूला पडले. एकतिसावा वर डाव्या कोपऱ्यात एकटाच होता. भाषेत पन्नासपैकी अकरा, गणितात त्रेचाळीस.

तो ठिपका रेवलीचा. सातपुड्यातल्या पाड्यावरून आलेली, वसतिगृहात राहणारी, शाळेतली पहाडातली एकटी मुलगी. घरी पावरी बोलायची. आमच्या मुलींच्यात राहून अहिराणी शिकली होती, पुस्तकातली मराठी मात्र तिला परकीच होती. उदाहरण फळ्यावर लिहून मी खडू खाली ठेवीपर्यंत तिचं उत्तर तयार असे. सातवीची फायनल पास झाली, तर तिच्याच पाड्याजवळ उघडणाऱ्या शाळेत तिला मास्तरीण नेमायचं ठरत होतं. फायनलला कुणाचा फॉर्म पाठवायचा, हे हेडमास्तर ठरवत.

त्यांनी मला कचेरीत बोलावलं. रेवली आधीच तिथे उभी होती. त्यांनी रूळ त्या ठिपक्यावर टेकवला.

"जिला सरळ वाक्य वाचता येत नाही तिला त्रेचाळीस? नक्कल आहे ही. बाई, पेपर तुमचा. सांगा, नकलेला वाव होता का?"

नव्हता. तिला मी माझ्या टेबलाला लागून, एकटीला बसवलं होतं. आणि त्रेचाळीस का, तेही मला पक्कं ठाऊक होतं. माझ्या पेपरात शब्दच नव्हते. माझ्या मराठीला कुणी हसू नये म्हणून मी नुसती आकड्यांची उदाहरणं घातली होती. हे सांगायचं म्हणजे ते का केलं, तेही सांगावं लागलं असतं. तो पेरू मला आठवला.

"नक्की सांगता येणार नाही," मी म्हणाले.

रेवलीने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. उदाहरण चुकलं की ती फळ्याकडे बघायची, तशी.

"मग पुन्हा परीक्षा," ते म्हणाले. "मी घेतो. अन्याय नको."

ते हे मनापासून म्हणाले. तिला चांगलं नीपही त्यांनीच लावून दिलं. मग हात पाठीमागे बांधून, येरझाऱ्या घालत, त्यांच्या त्या घासूनपुसून लख्ख केलेल्या मराठीत उदाहरण सांगू लागले. "एका हौदास दोन तोट्या आहेत. पैकी पहिल्या तोटीने तो हौद तीन तासांत भरतो, व दुसरीने सहा तासांत रिकामा होतो..."

रेवलीने मान वर केली. "गुरजी, तोटी म्हंजे काय?"

"परीक्षेत प्रश्न विचारायचा नसतो."

"माले समजनं नही, गुरजी."

त्यांनी खिशातून खडू काढला. उरलेली परीक्षा तिने खडू दातांत धरून दिली. कागदावर लाळ पडत होती, ती मनगटाने पुसत होती. मी खिडकीशी बसून होते. तोटीच्या जागी 'नदी' समज, 'पाट' समज, एवढं मला तिला सुचवता आलं असतं.

तिला पन्नासपैकी नऊ मिळाले.

हेडमास्तरांनी वरचा ठिपका खोडायला घेतला. चाचण्यांचे ठिपके पेन्सिलीचे असत, सहामाहीचा हा शाईचा होता. त्यांनी इतकं घासलं की तिथे कागदालाच भोक पडलं. मग खाली डाव्या कोपऱ्यात, रेघेवर, नवा ठिपका दिला. दोन पावलं मागे आले, एक डोळा मिटला, रूळ धरला. "बघा बाई, घरी गेला." परीक्षेत पहिला आलेला मुलगा दिसतो तसे ते दिसत होते.

फॉर्म गेला नाही. तिला न्यायला वडील आले. दोन दिवस चालत आले होते, हातात काठी, खांद्यावर घोंगडी. कचेरीच्या दाराबाहेरच उभे राहिले. हेडमास्तरांनी त्यांना आत बोलावून, बसायला सांगून, सगळं समजावलं. ताव दाखवला. "ह्या इतर मुली. आणि ही तुमची."

ते जवळ गेले. बोट लावून पाहिलं. शाई बोटाला लागते का, तेही पाहिलं.

"हाई मन्ही पोर शे?" ते म्हणाले. "एवढीशी?"

हेडमास्तरांनी दोघांना वाटेसाठी पेरू दिले. रेवलीने स्वतःचा पेरू माझ्या टेबलावर ठेवला आणि गेली.

त्यानंतर त्या जिल्ह्यातल्या कचेऱ्यांतून माणसं आमचा ताव पाहायला येऊ लागली. हेडमास्तरांची वाहवा झाली. पाहुण्यांना ते रूळ धरायला शिकवत. एकाने विचारलं, "हे भोक कसलं?" ते म्हणाले, "एक चूक होती. दुरुस्त केली."

लढाई संपली त्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. मी कोरीटला भेटायला गेले. ते ओसरीवर खाटेवर पडलेले, अंगावर चौकोनी तुकडे जोडून शिवलेली गोधडी. चालता हात त्या चौकोनांवरून फिरत होता, आधी आडवा, मग वर.

"शाळानी भाषा इसरी गयात," त्यांच्या बायकोने सांगितलं. धुळ्याचे डॉक्टर येऊन गेले होते. त्यांनी विचारलं, आज वार कोणता? तुमचं वय काय? हे नुसते बघत राहिले. बुद्धी गेली, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. डॉक्टर गेल्यावर बायकोने विचारलं, आज कोनता बजार शे? हे लगेच म्हणाले, म्हसावदना. तो दिवस म्हसावदच्याच बाजाराचा होता.

ती चहा ठेवायला आत गेली. मी खाटेजवळ वाकले. हे बोलायचं म्हणून मी वाटभर वाक्यं मनात जुळवत आले होते. "सर, रेवलीने नक्कल केली नव्हती. माझ्या पेपरात शब्द नव्हते. ती खरोखरच हुशार होती. मला तेव्हाच ठाऊक होतं."

त्यांनी माझ्या तोंडाकडे फार लक्ष देऊन पाहिलं. गोधडीवरचं बोट थांबलं. या खेपेला त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं होतं.

"माले समजनं नही, बाई," ते म्हणाले.

तीन वर्षं रोज कानांवर पडलेली भाषा. मोडकीतोडकी का होईना, दोन वाक्यं मला जुळवता आली असती. मी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांची बायको चहा घेऊन दारात आली आणि माझ्या चुकणाऱ्या अहिराणीला ती हसेल, असं वाटून मी गप्प झाले.

"काय सांगी ऱ्हायनात त्यासले?" तिने विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "तब्येत विचारत होते."