कडुलिंबाखालची अळी

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सुनेला नाही. तुम्हाला सांगते — ऐकून काय वाटायचं ते वाटू द्या.

तसं माझं बरं चाललंय. दारापुढे चार खाटांएवढी हरळी आहे, अशी मऊ की पाय उचलावासा वाटत नाही. रानात हीच हरळी खणून काढण्यात माझी तरुणपणची हाडं झिजली, आणि भिंगारला आले तर साहेब लोक तीच वाढवायला पगार देत होते! हसायचं नाही तर काय? हसले, आणि एका साहेबांच्या बंगल्यावर हिरवळ राखायच्या कामाला लागले. दुष्काळाच्या आदल्या सालची गोष्ट.

शेजारच्या बंगल्यातली हिरवळ रखमा बघायची. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. कुंपणाकडेच्या खड्ड्यात ती शेण आणि पालापाचोळा वर्षभर कुजवायची. मूठभर घेऊन हुंगायची. मातीचा वास आला तरच घालायची. तिचं लक्ष गवताकडे नसे, मातीकडे असे. मी युरिया फेकायची. आठ दिवसांत हिरवंगार — मग कशाला हुंगत बसायचं? ती म्हणायची, "भागे, गवताला दारू पाजतीस व्हय गं? चढंल तशी उतरंल."

एकदा तिनं मला पाटीभर खत आणून दिलं. एका कोपऱ्यात घालून बघ, म्हणाली. मी घातलं, तिचं मन राखायला.

त्याच आठवड्यात आमच्या साहेबांकडे पाहुणे यायचे होते. मी सकाळी दवानं ओल्या पात्यांवर दुप्पट युरिया फेकला, आणि पाणी न देताच सोनईला लग्नाला गेले. दोन दिवसांनी येऊन बघते तर तांबूस चट्टे — मूठ फिरली तशा आकाराचे. फक्त रखमाचं खत घातलेला कोपरा तेवढा तग धरून होता.

किती वळसे घेतेय मी. सांगूनच टाकते.

बाईसाहेब विचारायच्या आत मी आमच्याच आवारातल्या कडुलिंबाखाली उकरलं, जिथं रखमाचं खत पडलंच नव्हतं. हुमणीची पांढरी अळी निघाली, मुळं खाणारी. ती तळहातावर घेऊन गेले आणि म्हणाले, रखमाच्या शेणखतातून आली. कच्च्या शेणातून हुमणी येते, हे कुणीही मान्य करील. रखमाचं खत कच्चं नव्हतं. मला माहीत होतं.

बाईसाहेबांनी शेजारच्या बंगल्यात कळवलं. तिथल्या लोकांनी तिचा खड्डा बुजवला. तिला कामावरून काढलं. जाताना ती कुंपणापाशी थांबली, वाकली, चट्ट्यातून न विरघळलेला एक पांढरा दाणा उचलला.

"भागे, पानी तरी द्यायचं हुतंस गं."

एवढंच. बाईसाहेबांना तिनं काहीच का सांगितलं नाही? मी विचारलं नाही.

पुढे तो बुजवलेला खड्डा मीच उकरला. तिचं खत पोत्यातून आणून, माती म्हणून, चट्ट्यांवर पसरलं. हिरवळ भरून आली. बाईसाहेबांनी मला लुगडं दिलं. मी ते नेसले, फाटेपर्यंत.

तेव्हापासून युरियाला हात लावलेला नाही; शेण-पाला कुजवूनच घालते. शेजारणी विचारतात, हे कुणी शिकवलं? मी म्हणते, माझंच डोकं.

शिकवलं रखमानं. ती पारनेरकडची होती. शोधता आली असती — मी शोधलं नाही. झोप मला नीट लागते. हरळीही छान आहे.

अळी कडुलिंबाखालची होती.